तबला शिकवताना आधी बोल की आधी वाद्यावर हात?

कुडाळचा तबलजी
गणपती जवळ आले की पालक सांगत येतात, "सर, आरतीपुरतं तरी वाजवायला शिकवा." मग पहिल्याच दिवशी मुलाचा हात तबल्यावर ठेवून ठेका घोटवला जातो. मला हे साफ चूक वाटतं. आधी हाताने टाळी-खाली (खाली म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडणं) देत बोल, म्हणजे तबल्याची अक्षरं, तोंडाने म्हणता आले पाहिजेत. तीनताल घ्या. 16 मात्रा, नवव्या मात्रेवर खाली. ज्याने नुसतं बघून उचललंय त्याला तिथून पुढे काही बदलतंय याचा पत्ताच नसतो. 'तिं तिं ता'लाही, जिथे डावा हात थांबायला हवा, डग्गा घुमतच राहतो आणि समेसाठी (पहिल्या मात्रेसाठी) पोरगं गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतं. बोल तोंडात पक्का असेल तर हात चुकला तरी ते आपलं आपण सावरतं.

देवगडचो भजनी
माका काय ह्यां पटणा नाय. आमच्याकडे सप्त्याला पोरगं पखवाजाशेजारी झांज घेऊन बसतं, लय तिथेच अंगात भिनते. महिनाभर नुसते बोल म्हणायला लावलेत तर क्लासला येणंच बंद होईल. 8 मात्रांचा भजनी ठेका हाताला बसू दे, चवथीला घरच्या आरतीत वाजवू दे, मग ते स्वतःहून पुढचं मागतं. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, आज पखवाजावर बसणारे कितीतरी जण असेच तयार झालेत.

कुडाळचा तबलजी
झांज म्हणजे वाद्य हातात येण्याआधी लय मुरवणंच की! मी वेगळं काय म्हणतोय? आणि जे तयार झाले तेच डबलबारीत दिसतात. मागच्या रांगेतून गळालेली पोरं कोण मोजतं?

रत्नागिरीची तबला शिक्षिका
क्रमावरून भांडताय, पण शिकवणारा बसतो कुठे ते बघा. समोर बसलात तर मुलाला तुमचा उजवा हात डावीकडे दिसतो. शेजारी बसा, निम्मा गोंधळ जातो. 'ना' वाजवताना तर्जनी चाटीवर (पुडीच्या कडेवर) पडते आणि अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला नुसती टेकलेली असते. ती दाबली की आवाज मरतो. "दाबू नको" असं दहादा सांगून उपयोग होत नाही. दाबून एकदा, हलकी ठेवून एकदा, असे दोन्ही 'ना' वाजवून दाखवा आणि कुठला कसा वाजला ते मुलालाच ओळखायला लावा. कान तयार झाला की बोट आपोआप सैल होतं.
आणखी एक. चवथीची तयारी नेमकी श्रावणात, म्हणजे दमट हवेत पुडी (तबल्यावरचं चामडं) सैल पडलेली असते. सूर उतरतो, नाद येत नाही म्हणून मुलं जोर लावतात आणि मनगट आखडतं. शिकवणीआधी गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून, गजरा (पुडीभोवतीची चामड्याची वेणी) बघून तबला सुरात चढवणं हे शिक्षकाचं काम आहे.

देवगडचो भजनी
पुडीचं शंभर टक्के खरं, पखवाजाचं पण तसंच. 'ना'ची युक्ती उद्याच पोरांवर करून बघतो. पण तबलजी, पढंतीबद्दल (बोल तोंडाने म्हणण्याबद्दल) माझं म्हणणं तेच. पहिल्या दिवसापासून करून घ्या, पण तोवर वाद्य अडवून ठेवू नका. परीक्षा दिलेली, कायदे (तबल्याच्या ठरीव रचना) सुरेख वाजवणारी मुलं आमच्या भजनाला येतात आणि बुवांनी नामाच्या गजराची लय चढवली की मागे पडतात. बुवा कधी चढवणार हे त्यांच्या मानेवरून, श्वासावरून कळतं, आणि ते शेजारी बसून वाजवल्याशिवाय येत नाही.

कुडाळचा तबलजी
हे मान्य. पण लय चढल्यावर ठेका तुटू नये म्हणून आधी बोल पक्के हवेत, यावर मी ठाम आहे. यंदा माझी मुलं सप्त्याला आणतो. झांजेवर बसवा, पखवाज नंतर.