गेट फक्त चिपमधली शिल्लक वाचतं

कार्डात पैसे असूनही मेट्रो स्टेशनचं गेट उघडेना म्हणजे मशीनच बिघडलंय, असं बरेच जण म्हणतात. दर वेळी तसं नसतं बघा. 2019 पासून जे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड (मेट्रो, बस अशा प्रवासाला चालणारं एकच कार्ड) मिळतं, त्याचे पैसे दोन ठिकाणी असू शकतात: एक बँकेकडं, दुसरे कार्डाच्या चिपमध्ये. मेट्रोचं गेट बँकेला विचारत बसत नाही, तेवढा वेळच नसतो. ते चिपमधली शिल्लक तेवढी बघतं. ॲपवरून भरलेले पैसे काउंटरला किंवा तिथल्या मशीनला कार्ड लावून चिपमध्ये चढवून घ्यावे लागतात. कार्ड देताना हे कुणी सांगत नाही, खरा राग त्याचाच.

मला कळलं ते फजिती होऊन. बेळगावहून रात्रीच्या गाडीनं गेलेलो, एका हातात कुंद्याचे डबे, दुसऱ्या हातात बॅग, पाठीमागं ऑफिसला निघालेल्यांची रांग. मोबाईलवर 300 रुपये दिसताहेत आणि गेट लालच! आपल्याला सवय खानापूर-लोंढ्याची. तिकीट काढायचं, सरळ फलाटावर जायचं, टीसी भेटला तर दाखवायचं. शेवटी तिथल्या गार्डनं काउंटरला पाठवलं, दोन मिनिटांत काम झालं.

आणि हो, बॅग पुढं ढकलून मागनं जाऊ नका. सेन्सरला बॅगच माणूस वाटली तर गेट मधेच मिटतं. सामान असेल तर कडेचं रुंद गेट धरा.