तखी रानघोडा की पळालेला पाळीव?

कुरणवेडा:
काल इथे एका सदस्याने लिहिलं, "मंगोलियाचा तखी रानघोडा नाहीच, २०१८च्या जनुकीय अभ्यासाने ते सिद्ध झालंय. पळालेल्या पाळीव जनावरांवर जगाने पैसा उधळायचा कशाला?" वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या अभ्यासातून निघालं ते एवढंच, की कझाकस्तानातल्या बोताईला साडेपाच हजार वर्षांपूर्वी जे घोडे होते, त्यांचा वंश तखीत उतरलाय. बोताईचे घोडे पाळीव होते हे जनुकांनी सांगितलेलं नाही. ते मडक्यांतल्या घोडीच्या दुधाच्या अंशांवरून आणि दातांवरच्या लगामाच्या झिजेवरून आधीच धरलेलं होतं. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. तशी झीज कधीही लगाम न लागलेल्या घोड्यांच्या दातांवरही दिसते, आणि बोताईची हाडं शिकार केलेल्या कळपाशी जुळतात, असं त्यांचं म्हणणं. वाद चालू आहे आणि तुम्ही निकाल लागल्यासारखं बोलताय.

बरं, होते पाळीव असं धरू. पुढची हजारो वर्षं त्यांना लांडग्यांपासून कुणी राखलं? मी मंगोलियातल्या हुस्ताई राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलोय, उलानबाटरपासून शंभरेक किलोमीटर. पहाटे उतारावर कळप होता. आखूड उभी आयाळ, कपाळावर केसांची बट नाही, पोट फिकट, पायांवर पुसट पट्टे. त्यातला नर खाली उतरला, लिदीच्या ढिगाला नाक लावून बराच वेळ हुंगत राहिला, त्यावरच स्वतःची लीद टाकली आणि निघून गेला. आमच्याकडे बघितलंही नाही.

सडेतोड:
तो सदस्य मीच. लांडगे आणि लीद यांनी वंश ठरत नाही. आजचे सगळे तखी रानातून पकडलेल्या जेमतेम बारा जनावरांपासून आणि त्यांच्यात मिसळलेल्या पाळीव रक्तापासून वाढवलेत. १९६९ नंतर रानात एकही दिसला नव्हता. सगळं प्राणिसंग्रहालयातलं बियाणं. त्याला "जगातला शेवटचा रानघोडा" म्हणून देणग्या मागणं मला अप्रामाणिक वाटतं.

गुणसूत्रे:
पाळीव घोड्यात ६४ गुणसूत्रं, तखीत ६६. संकर होतो, पिल्लाला पुढे प्रजाही होते, पण शाखा वेगळ्या आहेत. आणि बाराच जनावरांचा वंश उरला म्हणून तर जपायचे ना? १९८० साली गोठवून ठेवलेल्या एका नराच्या पेशींपासून २०२० मध्ये अमेरिकेत शिंगरू जन्माला घातलं, ते हरवत चाललेली जनुकं परत कळपात आणायलाच.

सडेतोड:
कळपात आणा, आणि २००९-१०च्या हिवाळ्यासारखा एक आला की बर्फात घालवा. गोबीतला जवळजवळ दोन तृतीयांश कळप तेव्हा मेला.

कुरणवेडा:
मग काय, रानात परत सोडलेच नसते? सगळे एकाच खोऱ्यात ठेवू नयेत, हा त्यातला धडा. त्यात पाळीव-जंगलीचा काय संबंध?

निरेकाठचा:
तुमचं मंगोलिया चालू द्या. आमच्या भीमथडी घोड्यांबद्दल कुणी अक्षर काढणार आहे का? "भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायलं" एवढं सगळ्यांना पाठ. ती जात संपली म्हणून वर्षानुवर्षं लिहीत होते आणि आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, ती रोज ओझं वाहत होती. नोंदणी झाली ती आत्ता, देशातली आठवी जात म्हणून. माझ्या चुलत्याची घोडी पाठीवर राहुटीचं पाल, भांडीकुंडी, चार कोंबड्या आणि रात्रीच जन्मलेली दोन कोकरं घेऊन घाट उतरायची. कोकरांची फक्त मुंडकी झोळीबाहेर. एका घाटात मोटारवाल्याने तिला उडवलं. भरपाई मागायला गेलो तर साहेब म्हणाला, "कुठल्या जातीची? गावठी? मग किंमत काय लावू?" जातीला नाव नसलं की असं होतं.

गुणसूत्रे:
वाईट झालं. पण धाग्याचा विषय रानघोडा आहे. भीमथडी पाळीव आहे, तिचं जतन हा वेगळा प्रश्न.

निरेकाठचा:
वेगळा कसा? तिकडे बारा जनावरांची वंशावळ नावानिशी लिहून ठेवलीय. इकडे कुठली घोडी कुठल्या घोड्याला दाखवली याची एका वहीत नोंद नाही. बाजारात मारवाडी घोडा देखणा म्हणून त्याच्याकडे लोक घोड्या नेतात. दहा वर्षांत नाव राहील, जनावर राहणार नाही. हा जनुकांचाच प्रश्न झाला ना?

सडेतोड:
मी हेच म्हणत होतो. पैसा नावाकडे जातो.

निरेकाठचा:
नाही साहेब, मला तुमच्या बाजूला ओढू नका. तुम्ही म्हणता पाळीव वंशाचा असेल तर जपू नका. त्या हिशेबाने आमची घोडी पहिली जाईल.

कुरणवेडा:
हे माझ्या पहिल्या लेखात यायला हवं होतं. मीही रानटी-पाळीव यातच अडकलो.

सडेतोड:
ठीक. "सिद्ध झालंय" हे मागे घेतो, २०२१चा लेख मी वाचलेला नव्हता. "शेवटचा रानघोडा" या पाटीबद्दलचं मत मात्र तेच आहे.

गुणसूत्रे:
निरेकाठचे, वंशावळीची वही खरंच करू या. आयाळीचे केस मुळासकट हवेत, त्यावरून जनुकं तपासता येतात. ओळखीच्या प्रयोगशाळेत विचारतो.

निरेकाठचा:
दिवाळी झाली की वाडा कोकणाकडे सरकतो. यायचं तर त्याआधी या. सकाळी लवकर या, उन्हं वर आली की घोड्या चरायला लांब जातात.