थिकनेस प्लॅनर घ्यायचाय: जुना साग, शीशम आणि बाभूळ. सल्ला हवा

कोथरूडचा_रंधा
नमस्कार मंडळी. गॅरेजमध्ये १० बाय १४ फुटांची जागा आहे, सिंगल फेज. हाताशी टेबल सॉ, ८२ मिमीचा इलेक्ट्रिक रंधा आणि ५ नंबरचा लोखंडी रंधा. करायचंय डायनिंग टेबल आणि दोन बाकं. लाकूड म्हणजे वाड्याच्या तुळया चिरून काढलेल्या दीड इंची सागाच्या फळ्या, थोडा शीशम, थोडी बाभूळ. रुंदी ९ इंचांच्या आत.
१२-१३ इंची पोर्टेबल थिकनेस प्लॅनर (फळी एकसारख्या जाडीची करणारं मशीन) घ्यावा की राजकोटकडचं कास्ट आयर्नचं सरफेस-कम-थिकनेस (सपाट करणं आणि जाडी काढणं एकाच मशीनमध्ये)? स्पायरल कटरवर (सरळ पात्यांऐवजी छोट्या तुकड्यांचा कटर) पैसे घालावेत का? आणि शीशमचे टवके निघतात, त्यावर उपाय काय?

पाचर
आधी एक गैरसमज काढून टाका. थिकनेसर फळी सपाट करत नाही, एकसारख्या जाडीची करतो. पीळ असलेली फळी घातली की रोलर तिला दाबून सरळ करतात, कटर वरून सोलतो आणि बाहेर पडल्यावर ती पुन्हा पिळते. फरक इतकाच की आता ती पातळ असते.
म्हणून पहिली बाजू आधी सपाट हवी. सरफेसर (फळीची बाजू सपाट करणारं मशीन) नसेल तर १८ मिमी प्लायची सरळ पट्टी घ्या, पुढच्या टोकाला अर्ध्या इंचाची आडवी पट्टी ठोका. फळी त्यावर ठेवा, जिथे हलते तिथे पातळ पाचरी सारा आणि हॉट ग्लूचा ठिपका द्या. प्लायसकट मशीनमधून काढा. वरची बाजू सपाट झाली की फळी सोडवून उलटी करा, मग प्लाय नको.
८२ मिमीचा रंधा उलटा करून स्टँडला आवळतात, तो प्रकार ९ इंची फळीला उपयोगाचा नाही. गार्ड नसेल तर कशालाच नाही.
मशीनचं म्हणाल तर १० बाय १४ मध्ये पोर्टेबलच. कास्ट आयर्नचं मशीन उत्तम, पण ते एकदा ठेवलं की हलत नाही आणि लांब फळीला दोन्ही बाजूंना जागा मागतं. ६ फुटी फळीला आत-बाहेर मिळून किमान १३ फूट लागतात. तुमच्याकडे १४ आहेत. पोर्टेबल असेल तर दार उघडून त्याचं तोंड अंगणाकडे फिरवता येतं.

ढलपी
आकडा द्यायचा तर माकिता २०१२एनबी: १६५० वॅट, ३०४ मिमी रुंदी, ८५०० आरपीएम, दोन पाती, फीड (फळी आत ओढण्याचा वेग) मिनिटाला ८.५ मीटर. म्हणजे दर मिलिमीटरला दोन काप. सागाला भरपूर, उलट्या नसेच्या (तंतूंची दिशा उलटसुलट असलेल्या) शीशमला काठावर. डिवॉल्ट ७३५ मध्ये तीन पाती आणि फीडचे दोन वेग आहेत, मंद वेगाला इंचाला १७९ काप पडतात. शीशम जास्त असेल तर हा फरक दिसतो. दोन्हींची पाती दुधारी आहेत, एक धार गेली की फिरवून लावायची. पाती इथे कुठे आणि केवढ्याला मिळतात ते मशीन घेण्याआधी विचारा, नंतर नको.
वायरिंग: १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, २.५ चौ. मिमी वायर, सी-कर्व्ह एमसीबी (मोटर सुरू होतानाचा झटका सहन करणारा ब्रेकर). बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेंशन लावलंत तर मोटर दमते आणि तापते.
भुशाचा हिशेब कोणी करत नाही. ८ इंच रुंद, ४ फूट लांब फळीवरून १ मिमी काढलं की पाव लिटर लाकूड जातं, सुटल्यावर ते पाच-सहा पट तरी फुगतं. २० लिटरचा व्हॅक्यूम पंधरा-सोळा फेऱ्यांत भरतो. १०० मिमी पाइपचा डस्ट कलेक्टरच घ्या. शीशम आणि साग दोन्हींच्या धुळीची काहींना ॲलर्जी येते, त्यामुळे कलेक्टर असला तरी एन९५ मास्क हवाच.

शिसवी
जाता जाता: बाजारात ‘शीशम’ म्हणून मिळतो तो बहुतेक उत्तरेकडचा सिसू. आपली शिसवी वेगळी. टवके मात्र दोघांचेही निघतात.
शेवटच्या २ मिमीत एका फेरीला पाव ते अर्धा मिमी, जास्त नको. फळीच्या कडेला नस कुठे चढते ते पाहा आणि चढत्या बाजूने पातं घुसणार नाही अशी फळी घाला. रुंदी परवानगी देत असेल तर थोडी तिरपी घाला. ओल्या फडक्याने पृष्ठभाग नुसता दमट करून लगेच शेवटची फेरी काढली तरी फरक पडतो. बाभळीला हे केलंत तर मशीनचं टेबल ताबडतोब पुसा, ओली बाभूळ लोखंडाला टेकली की काळे डाग पडतात. एवढं करूनही टवके राहिले तर अर्धा मिमी शिल्लक ठेवून स्क्रेपर (हाताने खरवडायची पोलादी पट्टी) चालवा.
स्पायरल कटरचा खरा फायदा इथेच: कार्बाइडचे चौकोनी तुकडे, प्रत्येकाला चार धारा, खिळा लागला तर तेवढाच तुकडा फिरवायचा. मात्र तो मोटरवर जास्त भार टाकतो, काप कमी घ्यावा लागतो. आधी साध्या पात्यांवर सहा महिने काढा.

पाचर
खिळ्यावरून आठवलं. वाड्याच्या सागात मोडके खिळे आत राहिलेले असतात. जोरदार चुंबक नाहीतर छोटा मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवा. काळपट निळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे असंच समजा. भेगांतला चुना-माती तारेच्या ब्रशने काढा. सागात मुळातच सिलिका असते, वर चुना म्हणजे पात्यांची धार गेलीच. पात्याला खाच पडून फळीवर उभी रेघ उठू लागली तर एक पातं मिलिमीटरभर बाजूला सरकवून आवळा, पात्याच्या भोकांत तेवढी जागा असेल तर. रेघ जाते.

कोथरूडचा_रंधा
आभार. फळीच्या टोकाला दोन-तीन इंच खड्डा पडतो म्हणतात, तो टाळता येतो का?

ढलपी
टोक एकाच रोलरखाली असतं तेव्हा फळी उचलली जाते आणि कटर जास्त खातो. दोन्ही बाजूंच्या टेबलांची बाहेरची टोकं नाण्याच्या जाडीएवढी वर घ्या, फळ्या एकामागे एक टोकाला टोक भिडवून सोडा. तरी फळी ४ इंच जास्त लांब ठेवा, मग कापा. फूटभराहून आखूड तुकडा तसाच घालू नका, दोन्ही कडांना लांब पट्ट्या चिकटवून घाला.
आणि टेबलाला मेण लावा, सिलिकॉन स्प्रे नको. तो लाकडावर उतरला की पॉलिश धरत नाही.