मिरज जवळ आहे म्हणून सांगलीला थांबा नको?

गावभागकर
काल इथे एकाने लिहिलं: "मिरज जंक्शन दहा किलोमीटरवर आहे. सांगलीला गाड्यांचे थांबे मागणं हा निव्वळ हट्ट. मागायचेच तर रस्ते आणि पूल मागा." वाचून डोकं फिरलं. गेल्या महिन्यात आईला घेऊन पहाटे साडेतीनला मिरजेला उतरलो. तिच्या गुडघ्याला पट्टा. सांगली म्हटल्यावर एकही रिक्षा तयार होईना. पाऊण तास ती पिशवीवर बसून होती. पुण्याहून येणारी ती गाडी सांगली स्टेशनातूनच पुढे आली होती. आपलं स्टेशन खिडकीतून बघायचं, पुढे जायचं आणि मग पैसे मोजून मागे यायचं. जिल्ह्याचं ठिकाण आहे हे!

मिरजकर८२
आईंना त्रास झाला, वाईट वाटलं. पण मिरजेहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर असे चारी बाजूंना फाटे आहेत. २०१६ ला लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती इथूनच. १९९८ पासून महापालिका एकच आहे, तरी तुम्हाला मिरज परगाव वाटतं. पहाटेची शहर बस मागा, मी सही करतो.

पेठनाका
रेल्वेवरून भांडताय, पण पुणे-बंगळूर हायवे आपल्याला चाळीस किलोमीटर लांबून टाळून गेला, खरं नुकसान ते. वडिलांचा हळदीचा ट्रक हायवेला जोडणाऱ्या पेठ रस्त्यावर दोनदा पाटा तुटून उभा राहिलाय. चौपदरीकरण निघालं, पण त्यात आमची वीस वर्षं गेली.

हरिपूररोड
रस्ते मागा, पण भराव घालून नको. वारणा खाली हरिपूरला कृष्णेला मिळते. ती फुगली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, शहरात चढतं. त्यात ओत, म्हणजे पाणी वाहून जायच्या सखल जागा, बुजवून प्लॉट पाडले. शामरावनगरात साध्या पावसाचं पाणी आठ-आठ दिवस हलत नाही.

सांगलीवाडी
भरावाचं काय घेऊन बसलात? कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं बोला, पाणी त्याच्यामुळे तुंबतं! २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्या माळ्यावरच्या पेटीत लग्नाचे फोटो होते, त्यांचा लगदा झाला.

हरिपूररोड
पुराची कारणं तपासणाऱ्या सरकारी वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिलेला नाही. वाचलंय का?

सांगलीवाडी
अहवाल नका शिकवू. चार दिवस गच्चीवर काढलेत मी, पोराला तापात घेऊन. तुमच्या घरात पाणी आलं होतं का?

हरिपूररोड
आलं होतं. २००५ ला आणि २०१९ लाही. २००५ ला आमच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरलं, मातीत पुरलेला माल मातीतच कुजला. तेव्हा कुणी गच्चीवर बसलं म्हणून त्याचंच खरं, असं नसतं. अलमट्टी दोनशे किलोमीटरवर आहे, ओत आपल्या दारात बुजलेत. प्लॉट घेणारे आपणच.

सांगलीवाडी
आवाज चढवला, चुकलं. समितीचं राहू दे तुमच्याकडे. पण धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायचा कर्नाटकचा हट्ट आहे आणि २०१० ला कृष्णा पाणीवाटप लवादाने तशी मुभा दिली आहे. त्याला विरोध सोडणार नाही.

हरिपूररोड
त्याला माझाही विरोध आहे. पण म्हणून ओतातले प्लॉट माफ होत नाहीत.

मिरजकर८२
थांब्याचा धागा होता हा.

गावभागकर
दोन्ही एकच आहे. पूर आला की अंकलीकडचा कोल्हापूर रस्ता बंद, मारुती चौकात होड्या. अशा वेळी गावभागातून स्टेशन गाठायचं तर सांगलीचंच गाठता येतं, पुढे दहा किलोमीटर कोण नेणार? मिरजकर, पहाटेच्या बसचं पटलं, मनात नसताना मान्य करतो. निवेदनात ती घातली, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिला थांबाच. रविवारी सकाळी दहाला गणपती मंदिराजवळ कागद घेऊन येतो. हरिपूररोड, तुम्हीही या, भरावाचं कलम तुमच्या हाताने लिहा.

पेठनाका
पेठ रस्ता?

गावभागकर
चौथं कलम. या.