बी.आर्क.नंतर इराणी-इस्लामी वास्तुइतिहासात पीएचडी, कोणी केलीये का?

पाणचक्कीवाला
नमस्कार मंडळी, बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव छत्रपती संभाजीनगर. पाणचक्की, मकबरा, दरवाजे बघतच मोठा झालो त्यामुळे त्याचं कधी काही विशेष वाटलं नाही, पण थिसिससाठी नहर-ए-अंबरीचा नकाशा काढायला घेतला आणि डोकंच फिरलं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं आमचं शहर, वसवली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालून उताराने शहरात आणलं, मग वाचत गेलो तर हे इराणच्या कनातीचं, म्हणजे तिथल्या जमिनीखालून पाणी आणणाऱ्या बोगद्यांचं, भावंड निघालं, तिथून याझ्द, तिथून इस्फहान, आता रात्री दोनला सफवी म्हणजे सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या इराणी राजघराण्याच्या शहरांचे प्लॅन बघत बसलेलो असतो. यातच मास्टर्स आणि पुढे पीएचडी करायचीये. घरी विषय काढला तर पप्पा म्हणे, मशिदी मोजून पोट भरणार का. जीआयएस येतं, ऑटोकॅड येतं, फारसीचा फ पण येत नाही. फारसी लागतेच का ड्रॉइंगवर भागतं? आणि पुढे नोकरीचं काय?

साइटवरचा_माणूस
पप्पा बरोबर बोलतायत भावा. प्लॅनिंगला जा, इस्फहान सुट्टीत बघ.

नदीपलीकडे
मी अमेरिकेत याच विषयात पीएचडी करतेय, सहावं वर्ष चालूये, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घे.

ड्रॉइंगवर भागत नाही. मीही तुझ्यासारखीच आर्किटेक्ट, मला वाटायचं प्लॅन-सेक्शन वाचता येतो म्हणजे झालं. इस्फहानची जामा मशीद घे. दक्षिणेकडचा मोठा घुमट तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांचा वजीर निजाम-उल-मुल्कने १०८६-८७ च्या सुमारास बांधवला, आणि एक-दोन वर्षांतच त्याचा दरबारातला प्रतिस्पर्धी ताज-उल-मुल्क याने बरोब्बर समोरच्या टोकाला उत्तरेकडे दुसरा घुमट उभा केला, आकाराने लहान पण विटांची भूमिती इतकी देखणी की लोक आजही त्यावरच लिहितात. ही दोन वजिरांची जिरवाजिरवी प्लॅनमध्ये दिसते का? नाही. प्लॅनमध्ये दोन गोल दिसतात. कोणी बांधवलं, कधी बांधवलं ते आतल्या अरबी शिलालेखात आहे. म्हणजे फारसी तर हवीच, वर अरबी वाचण्यापुरती, आणि जुनं संशोधन जर्मन-फ्रेंचमध्ये पडलंय म्हणून तेही थोडं. माझी पहिली दोन वर्षं भाषेतच गेली, इमारतीचा फोटोसुद्धा काढला नाही.

बरं, तुझी नहर अजिबात सोडू नकोस. फ्रेंच अभ्यासकांनी उत्तर आफ्रिकेतली मोजकी शहरं बघून 'इस्लामी शहर' नावाचा एक साचाच करून ठेवला होता, मध्ये जामा मशीद, शेजारी बाजार, भोवती वाकड्यातिकड्या गल्ल्या, आणि सगळीकडे तोच लावत सुटले. १९७९ मध्ये मायकल बोनाइन या भूगोलाच्या माणसाने याझ्दसारखी इराणी शहरं मोजून दाखवलं की तिथले कितीतरी रस्ते बऱ्यापैकी सरळ आणि समांतर आहेत, कारण ते जमिनीच्या उताराने जाणाऱ्या पाटांच्या कडेने वाढले. धर्माआधी पाणी! तुझ्याकडे जीआयएस आहे, दारात भूमिगत नहर आहे, असा विषय घेऊन अर्ज करणारे फार नसतात.

हार्वर्ड आणि एमआयटीमध्ये मिळून इस्लामी वास्तुकलेचा आगाखान प्रोग्राम १९७९ पासून आहे, लंडनला सोआस विद्यापीठ आहे. अमेरिकेत पीएचडीला बहुतेक मोठ्या ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड मिळतो, मास्टर्सला मात्र तसं गृहीत धरू नकोस. आर्कनेट या वेबसाइटवर नकाशे-फोटो फुकट आहेत, आजच बघ. नोकरीचं खरं सांगू का, जागा कमी निघतात आणि एकेका जागेला अर्जांचा ढीग पडतो. काही जण म्युझियममध्ये जातात, काही संवर्धनात. माझा व्हिसा एकदा अडकला आणि इराणची फेरी गेली ती गेलीच, मग प्रबंधाचं अर्धं प्रकरण जुन्या फोटोंवर लिहावं लागलं, हेही मनात धरून ठेव.

मोडीकाका
पाणचक्कीवाले, फारसीला घाबरू नका. शहर, बाजार, दरवाजा, मैदान, बाग, कारखाना, हे सगळं तुम्ही रोज बोलताच की, निम्मा शब्दसंग्रह घरातच आहे. ग. ह. खऱ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात बसून फारसी कागद वाचून छापले, त्यासाठी कोणी तेहरानला गेलं नव्हतं. दिल्लीला जेएनयू आहे, तुम्हाला जवळ म्हणजे हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ, तिथे फारसी विभाग आहे. छापील फारसी वाचता आली की मग हस्तलिखितं, आणि हिशेबाचे कागद आले की सियाक नावाची आकडे लिहायची पद्धत, त्यात आकड्यांच्या जागी अरबी संख्यानामांची मोडतोड केलेली रूपं असतात, मोडीवाल्यालाही घाम फुटतो. पण खरी मजा तिथेच. दुकानाचं भाडं किती, ते कुठल्या मदरशाला जायचं, हौदाची डागडुजी कोणाकडे, हे सगळं वक्फनाम्यात, म्हणजे धर्मादाय दानपत्रात, लिहिलेलं असतं. इराणातल्या तब्रीझजवळ मंगोल काळातला वजीर रशीदुद्दीन याने वसवलेल्या रब-ए-रशीदीचं घ्या, चौदाव्या शतकातली अख्खी वसाहत, आज तिथे पडके अवशेष, पण वक्फनामा शाबूत आहे म्हणून तिथे काय काय होतं ते कळतं.

आणि इराण बंद असेल तर बिदरला जा हो! बहमनी वजीर महमूद गवान मूळचा इराणातल्या गिलानचा, त्याने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा थेट इराणी घाटाचा, निळ्या टाइल्सचे तुकडे अजून भिंतीवर आहेत. रातच्या गाडीने निघालात तर सकाळी पोचाल, व्हिसा लागत नाही.

पाणचक्कीवाला
काका, ताई, खूप आभार. बिदरला पुढच्याच महिन्यात जातो. ताई, एक शंका, इस्फहानच्या मैदानावरची शाह मशीद प्लॅनमध्ये तिरकी का दिसते? दरवाजा मैदानाला सरळ आणि आतलं सगळं वळलेलं.

नदीपलीकडे
किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा! मैदान आधी आखलं होतं, उत्तर-दक्षिण धरून, आणि मक्का तिथून नैर्ऋत्येला. म्हणून प्रवेशद्वार मैदानाशी जुळवलं आणि आत शिरल्या शिरल्या जवळजवळ ४५ अंशात वळवलं. आता शेजारच्या शेख लुत्फुल्लाह मशिदीचा प्लॅन उघड, तोच पेच, पण तिला ना अंगण ना मिनार. तिथे माणसाला कसं वळवलंय ते स्वतः शोध आणि इथे लिही, मी सांगणार नाही.

साइटवरचा_माणूस
अंधारा बोळ काढून वळवलंय. बघत बसलो राव मीपण, साइटवर स्लॅब भरायचाय.