ब्रुसेल्स-ल्यूवेनच्या अभ्यासदौऱ्याच्या अहवालात बेळगाव आणावे का?

प्रश्न : शहापूरची विद्यार्थिनी

मी बेळगावच्या शहापूर भागातली असून सध्या एका सत्रासाठी बेल्जियममध्ये शिकत आहे. गेल्या शनिवारी आमच्या वर्गाचा एक दिवसाचा अभ्यासदौरा झाला. सकाळी ब्रुसेल्स, दुपारी ल्यूवेन आणि संध्याकाळी चर्चा, असा क्रम होता. १६९५ च्या फ्रेंच तोफमाऱ्यानंतर जवळजवळ नव्याने उभा राहिलेला ग्राँ-प्लास चौक देखणा आहे यात शंका नाही, परंतु माझी नजर इमारतींवरून घसरून सारखी पाट्यांकडे वळत होती (सीमाभागात वाढल्याचा हा गुण असावा). ब्रुसेल्समध्ये रस्त्यांची नावे फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत लिहितात. आगगाडी ल्यूवेनच्या दिशेने शहराबाहेर पडल्यावर मात्र डब्यातल्या सूचना केवळ डचमध्ये ऐकू येऊ लागल्या, आणि कोल्हापूरहून घरी येताना कोगनोळीनंतर बदलणाऱ्या पाट्या मला आठवल्या.

ल्यूवेनचे विद्यापीठ १४२५ सालचे. भाषेच्या वादातून १९६८ मध्ये त्याच्या विभाजनाचा निर्णय झाला, फ्रेंच शाखेसाठी लुव्हँ-ला-नव्ह हे नवे गावच वसवावे लागले, आणि ग्रंथालयातली पुस्तके क्रमांक सम की विषम एवढे पाहून वाटली गेली. दोन महायुद्धांत, १९१४ आणि १९४० मध्ये, जे ग्रंथालय जळाले, त्याची पुन्हा जमवलेली पुस्तके शांततेच्या काळात अशी विभागली जावीत, हे ऐकताना मला आपल्या सार्वजनिक वाचनालयाची कपाटेच डोळ्यांपुढे दिसत होती.

संध्याकाळच्या चर्चेत मी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेविषयी पाच मिनिटे बोलले, पण खाली बसल्यावर वाटले की मी माहिती थोडी आणि तक्रारच अधिक मांडली. लेखी अहवालात बेळगाव आणावे का? आणल्यास काय सांभाळावे?

उत्तर १ : निपाणीचे निवृत्त शिक्षक

मुली, बेळगाव अवश्य आण, मात्र भावनेपेक्षा नियम पुढे ठेव. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले एखाद्या मातृभाषेची असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले. पुढे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात असेही आले की, एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील, तर सरकारी सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध करावेत. आमच्या सेवेची निम्मी वर्षे या चाळीस-दहाच्या हिशेबातच गेली. जून महिन्यात पट मोजताना एक मूल कमी भरले, की शिक्षकांचे चेहरे उतरत. तिकडच्या प्राध्यापकांना हा हिशेब समजला, तर तुझे पाच मिनिटांचे भाषण त्यांना अधिक नीट कळेल.

उत्तर २ : खानापूरकर, मुक्काम पुणे

सरांनी सांगितलेले नियम योग्यच आहेत, परंतु तुलना जपून करावी, असे मला वाटते. ल्यूवेनमधून फ्रेंच शाखा बाहेर जावी, ही मागणी डच भाषकांची होती. हा समाज देशात संख्येने मोठा असूनही उच्च शिक्षण आणि प्रतिष्ठा फ्रेंचकडे होती. डच भागातल्या गेंट शहराचे विद्यापीठसुद्धा थेट १९३० मध्ये कुठे डच झाले. आता या गोष्टीत आपण मराठी माणसे नेमकी कोण? गाव सोडावे लागलेल्यांशी नाते जोडावे, तर ते तिथले वरचढ होते. आपल्या भाषेत शिकू द्या म्हणणाऱ्यांशी जोडावे, तर ते तिथले बहुसंख्य होते. दोन्ही बाजूंनी साम्य अर्धेच जुळते. ताई, ही अडचण लपवू नका, उलट तीच अहवालात लिहा.

उत्तर ३ : टिळकवाडीतील कायद्याचा विद्यार्थी

मला यापेक्षा वेगळा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. बेल्जियममध्येही पूर्वी टक्केवारीच होती. १९३२ च्या कायद्यानुसार एखाद्या गावात दुसऱ्या भाषेचे लोक ३० टक्के भरले, की त्यांना त्यांच्या भाषेत कारभाराची सोय मिळत असे. त्यामुळे प्रत्येक जनगणना हीच लढाई होऊ लागली आणि १९४७ च्या आकड्यांवरून तर फारच वाद झाला. अखेर त्यांनी जनगणनेतून भाषेचा प्रश्नच काढून टाकला, १९६२ च्या कायद्याने भाषासीमा कायमची आखली, आणि ज्या गावांना सवलती द्यायच्या त्यांची नावेच ठरवून टाकली. आपल्याकडे हक्क आजही टक्क्यांवर उभा आहे, त्यांच्याकडे तो यादीवर उभा आहे. यादीत नसलेल्या गावाने काय करायचे, हा प्रश्न मात्र तुम्ही तिथेच विचारून घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, दादा आणि कायद्याचे अभ्यासक, आपणा तिघांचे आभार. अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे. त्यातला बेळगावचा भाग मी चाळीस-दहाच्या सूत्रापासून सुरू करणार आहे, आणि खानापूरच्या दादांची अडचणही त्यात येईल. यादीबद्दल मी काल आमच्या वर्गातल्या लिएजकडच्या मैत्रिणीला विचारले. तिच्या गावच्या कचेरीत दाखला फ्रेंचमध्येच मिळतो, दुसऱ्या भाषेत मिळू शकतो का, हे तिने आजवर कधी विचारलेच नव्हते. मग तिने मला विचारले, की आमच्या घरचे दाखले कोणत्या भाषेत असतात, आणि मी आजोबांपासून सुरुवात केली, तेव्हा आमचा चहा गार होऊन गेला.