वॉटइतकाच वेळही मोजावा

‘हजार वॉटचे यंत्र म्हणजे तासाला एक युनिट, त्यामुळे कॉफी मेकर परवडत नाही’ हा काही जण मांडतात तो हिशेब मला अपुरा वाटतो, कारण पूर्ण शक्तीने ते यंत्र जेमतेम चार-पाच मिनिटेच चालते. ६०० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.०५ युनिट पुरते. वाया जाणारी उष्णता धरली तरी आकडा फारसा वाढत नाही.

खरी वीज जाते ती कॉफी जमा होते त्या काचेच्या भांड्याखालची तबकडी गरम ठेवण्यात, आणि तिचा उल्लेख या हिशेबात नाही. कोल्हापुरात आमच्या घरी वडील रंकाळ्यावरून फिरून येईपर्यंत कॉफी गरम राहावी म्हणून यंत्र चालूच असे. एका रविवारी फ्रिजसह बाकी सर्व बंद करून मी जिन्याखालच्या मीटरचा लाल दिवा पाहिला. आमच्या मीटरवर ३२०० लुकलुकींना एक युनिट असे प्रमाण छापलेले आहे (आपल्या मीटरवरचा आकडा अवश्य पाहावा, तो वेगळा असू शकतो). कॉफी गाळली जात असताना दिवा जवळजवळ सेकंदाला एकदा लुकलुकत होता. नंतर तबकडी मधूनच चालू होई, मधूनच बंद पडे, आणि दीड तासात तिने कॉफी करण्यापेक्षा जास्त वीज घेतली. आता कॉफी तयार होताच थर्मासमध्ये ओतून आम्ही बटण बंद करतो. शिवाय तबकडीवर राहून ती कडवट होत असे, तेही टळले.